'मशीन जुनं झालंय' हे निदान नव्हे

लातूर-नांदेड सोडून पुण्यात संगणकाची नोकरी धरलेल्या आपल्यासारख्यांना हा फोन अधूनमधून येतोच. "दादा, कार्ड बसवलंय, पण डिस्प्लेच येईना गेलाय." पलीकडे चुलतभाऊ, नाहीतर मावशीची मुलगी. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी शिकायचं असतं. गावातल्या दुकानात दाखवून झालेलं असतं आणि उत्तर मिळालेलं असतं, "मशीन जुनं झालंय, नवीन घ्या."

मला हे पटत नाही. जुनं असणं हा काही बिघाड नव्हे. वय झालं म्हणून डॉक्टरने नाडीही न बघता घरी पाठवावं, तसला हा प्रकार!

मुळात पीसीआय एक्सप्रेसचा पहिला आराखडा २००३ सालचा. आजची कार्डंही त्याच घराण्यातली, म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या बोर्डावर ती बसतात आणि बहुतेक वेळा चालतातही. खरंच न जुळणारा तो त्याआधीचा एजीपी स्लॉट. तो निघाला तर मात्र दुकानदाराचं खरं :)

मग अडतं कुठे? सगळ्यात आधी मॉनिटरची वायर कार्डात आहे की अजून बोर्डाच्याच पोर्टात, ते बघा. हसू नका, हे फार घरांत होतं.

दुसरी गोष्ट वीज. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसची वेगळी वायर लागते, सहा पिनची आणखी ७५ वॅट देते, आठ पिनची १५०. स्वस्त एसएमपीएसवर ४५० छापलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका. स्टिकरवर १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा आणि १२ ने गुणा. त्यातून आपल्याकडचा मे महिना! तापलेला एसएमपीएस आणखीच कमी ताकद देतो. गेम सुरू केला की मशीन बंद पडत असेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी असेल तर बायोस. काही नवी कार्डं यूईएफआयशिवाय उठतच नाहीत.

स्वस्त कार्डातही मेख असते. २०२२ च्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत, त्यामुळे जुन्या ३.० स्लॉटात त्याचा वेग घटतो. २०१६ च्या जीटीएक्स १०५० टीआयची बहुतेक मॉडेल्स वेगळ्या वायरशिवाय चालतात, पण ऑक्टोबर २०२५ नंतर त्यांना फक्त सुरक्षेपुरतेच ड्रायव्हर मिळतात. सेकंड हँड घेताना हे लक्षात ठेवा.

माझं म्हणणं एवढंच, की पुण्याहून कार्ड पाठवणं हे शेवटचं काम आहे. आधी चार फोटो मागवा: बोर्डाचं नाव, एसएमपीएसचा स्टिकर, कॅबिनेटमधली मोकळी जागा आणि बायोसचा पहिला पडदा. चुकीचं कार्ड परत पाठवण्यात आठवडे जातात, आणि तेवढ्यात घरचे नव्या मशीनचा हप्ता बांधून मोकळे होतात. चांगला एसएमपीएस काही हजारांत येतो. तो खर्च टाळून अख्खं मशीन बदलायला लावणं म्हणजे अज्ञानाचं बिल शिकणाऱ्या पोराच्या घरावर फाडणं. ते थांबवण्याइतकं ज्ञान आपल्याकडे नक्कीच आहे, वेळ तेवढा काढायला हवा.