होडीवरची किटली

मराठीच्या मास्तराला किटलीशी काय कर्तव्य, असे आमची ही विचारील. पण गेल्या डिसेंबरात मालवणला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मच्छीमारी होडीवर गेलो, तेव्हा पुण्याहून एक देखणी किटली भेट म्हणून नेली होती. उंच, बुडाशी निमुळती, तोटी बगळ्याच्या मानेसारखी. नव्या पाहुणीचा मान म्हणून तिलाच स्टोव्हवर चढवले. होडीने कूस बदलली मात्र, किटली कलंडली आणि उकळते पाणी एका तरुण खलाशाच्या पायावर! पिंपातले गोडे पाणी आम्ही वीस मिनिटे त्याच्या पायावर ओतत होतो. तांडेल मला एका शब्दाने बोलला नाही, हेच अधिक लागले.

मग त्यांची जुनी किटली निघाली. बसकी, रुंद बुडाची, घट्ट झाकणाची. ती निम्मीच भरतात. होडी आडवी अधिक डुलते, म्हणून तोटी नाळेकडे ठेवायची. भोवती लोखंडी सळ्यांचे कुंपण. आणि ओतताना कप कुणी हातात धरायचा नाही. तो परातीत ठेवायचा. (आमच्या स्टाफरूममध्येही हा नियम हवा!)

यंदा फराळाबरोबर नवी किटली धाडायची ठरवली. स्टेनलेस स्टीलचीच, कारण खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात. मी निवडलेली पाहून दुकानदार म्हणाला, "साहेब, हिला काही रूप नाही."

"बांधून द्या," मी म्हटले.