तयार तंबूतले स्काऊटिंग

फेब्रुवारी संपत आला की पिंपरी-चिंचवडच्या शाळांमध्ये स्काऊट-गाईड पथकांच्या पालकसभा भरतात आणि एकच विषय चघळला जातो: यंदा उन्हाळी शिबिर कुठे? स्काऊटमास्तरांच्या मोबाईलवर तोवर जाहिरातींचा पाऊस पडलेला असतो. पवना धरणाच्या काठी तयार तंबू, झिपलाईन, रॅपलिंग, रात्री डीजे, पोटभर जेवण, माणशी अमुक हजार. कुणी मनालीचे पत्रक काढतो, कुणी प्राधिकरणातलाच एखादा एसी हॉल सुचवतो. दरावर घासाघीस होते, तारखांवर रुसवेफुगवे होतात आणि स्काऊटिंगबद्दल अवाक्षरही न निघता ठराव मंजूर होतो.

माझा पक्ष आधीच सांगून टाकतो. त्या जागेवर मुलांच्या वाट्याला किती काम उरते, हे पाहून शिबिर निवडावे. पाणी, सावली, संडास आणि दवाखाना या अटी आहेत. त्या पुऱ्या होत नसतील तर जागेचे नावच काढू नये. पण त्या पुऱ्या करणाऱ्या चार जागा समोर असतील, तर जिथे तंबू आपला आपण ठोकावा लागतो, पाणी भरावे लागते, चूल मांडावी लागते, ती घ्यावी. सभेत मात्र मोजमाप नेमके उलटे चालते. मुलांना इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही, ती जागा सोयीची.

या उलट्या मोजमापामागे युक्तिवाद आहेत आणि ते काळजीवाहू माणसेच मांडतात. पहिला युक्तिवाद उन्हाचा. वर्षभर चाकणच्या पत्र्याच्या शेडखाली घाम गाळणारा बाप म्हणतो, आम्ही तापतोच आहोत, पोराला तरी चार दिवस गार हवा लागू द्या. हे ऐकून कुणालाही वाईट वाटेल. पण मुलाला गार हवेत न्यायचे असेल तर सहल काढा, शिबिराचे नाव कशाला? बाबा आमटे यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, ती चंद्रपूर जिल्ह्यात आणि तीही मे महिन्यात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पालकसभेने ही जागा आणि हा महिना पहिल्याच फेरीत बाद केला असता. तिथे पहाटे कामाला लागायचे, ऊन चढले की झाडाखाली बसून बोलायचे. तरुणांच्या कितीतरी पिढ्या तिथे गेल्या आणि पुढे आपल्या मुलांनाही त्यांनी तिथेच धाडले.

उन्हाला उत्तर उंचीचे नसते, झाडाचे असते. ते विसरल्यावर काय होते, हे जगाने ऑगस्ट 2023 मध्ये पाहिले. दक्षिण कोरियात सेमानगम इथे जागतिक स्काऊट जांबोरी भरली होती. दीडशेहून अधिक देश, चाळीस हजारांवर मुले-माणसे, सरकारचे पाठबळ, वर्षानुवर्षांची तयारी. जागा मात्र समुद्र हटवून केलेल्या सपाट जमिनीवर. झाडाचा पत्ता नाही, पाण्याचा निचरा नाही. उष्म्याने शेकडो जण आजारी पडले, ब्रिटन आणि अमेरिकेची पथके मध्येच निघून गेली आणि शेवटी वादळ येतेय म्हणून सगळी छावणीच रिकामी करावी लागली. त्या पैशात काय काय येऊ शकले असते याचा हिशेब मी करत नाही. पण एक जुनी आमराई विकत घेता येत नाही, ती आधीपासून तिथे असावी लागते. आपल्याकडे खेड-मावळच्या गावोगाव ती आहे.

पचमढीचे नावही निघते. 1956 पासून तिथे भारत स्काऊट्स अँड गाईड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, आणि मोठ्या मुलांनी, स्काऊटमास्तरांनी आयुष्यात एकदा तरी तिथे जावेच. पण दहा-अकरा वर्षांच्या पोरांचे पहिलेच शिबिर तिथे नेले, तर जाण्यायेण्यातच दोन रात्री रेल्वेत जातात आणि शिबिराची आठवण म्हणून पिपरिया स्टेशनवरचा चहा उरतो.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे, कारण तो जिवाचा आहे. व्यावसायिक छावणीत प्रशिक्षक असतात, हार्नेस असते, हेल्मेट असते. आपले गुरुजी काय करणार? या म्हणण्यातले खरे ते मान्य करतो. दोरावरचे खेळ करायचे असतील तर ते जाणत्याकडेच करावेत. राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आहे, त्यात आयोजकांनी नोंदणी करायची असते. ते प्रमाणपत्र मागून घ्या, मेनूकार्ड नंतर पाहा. पण गेल्या काही वर्षांतले अपघात आठवून पाहा. एप्रिल 2018 मध्ये उन्हाळी शिबिरासाठी चेन्नईहून मुळशी तालुक्यात आलेली तीन शाळकरी मुले कातरखडकच्या जलाशयात बुडाली. फेब्रुवारी 2016 मध्ये पुण्याहून सहलीला गेलेल्या चौदा विद्यार्थ्यांचा मुरुडच्या समुद्रात अंत झाला. दोन्हीकडे शिक्षक सोबत होते. हे जीव दोरावर गेलेले नाहीत, पाण्यात गेलेले आहेत. हेल्मेट घातलेल्या अर्ध्या तासाला कुणी ना कुणी बघत असते. घात होतो तो 'जरा पाय भिजवून येऊ' म्हणताना.

आणि आपल्याकडचे सगळे आकर्षण धरणाच्या काठाचेच. मे महिन्यात पाणी मागे हटलेले असते. काठावरचा गाळ वरून वाळून भेगाळतो, त्यावर पाय ठेवला की आत गुडघाभर रुततो. पुढे जुन्या शेताचा बांध, त्यापुढे एकदम खोल. पोहता येणाऱ्यालाही तिथे पाय टेकायला जागा सापडत नाही. नदीचेही तेच. पवनेचे पाणी धरणातून सोडायचे आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून शहराला द्यायचे, अशी व्यवस्था असल्यामुळे पात्रात पाणी किती असेल हे धरणावरून ठरते, आपल्या डोळ्यांना सकाळी दिसले त्यावरून नाही. म्हणून माझे म्हणणे असे की शिबिराला पाणी हवे ते विहिरीचे किंवा नळाचे. काठावरची जागा सुंदर दिसते एवढ्याच कारणाने ती नाकारावी.

समजा, व्यावसायिक छावणी शंभर टक्के सुरक्षित निघाली. तरी माझी हरकत उरते. तिथे तंबू आधीच उभा असतो, आत गादी घातलेली असते, जेवणाची घंटा वाजते आणि ताट दुसरा कुणी धुतो. वर्षभर शाळेच्या व्हरांड्यात रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाईन घोटून घेतलेल्या मुलाला तिथे एकही गाठ मारावी लागत नाही. मग ती शिकवली कशाला? झिपलाईनवरून सुटलेला मुलगा तीस सेकंद ओरडतो, त्याचा व्हिडिओ निघतो, झाले. त्यात त्याने केले काय? तो लोंबकळला. बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट 1907 मध्ये ब्राऊनसी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हा जेमतेम वीसेक मुले होती. त्यात बड्या निवासी शाळांतली होती आणि पूल-बोर्नमथकडच्या कामगारांचीही होती. त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघ आपल्या तंबूत, आपल्या नायकाच्या हाताखाली राहिला. स्काऊटिंगचा सगळा जीव या संघात आहे. छावणीचा मालक सगळ्यांना एकाच रांगेत बफेला उभे करतो, तेव्हा संघ मोडतो आणि उरते ते गिऱ्हाईक.

तिसरा युक्तिवाद हॉलवाल्यांचा. आजची मुले नाजूक आहेत, चुलीजवळ भाजेल, त्यापेक्षा रोबोटिक्स शिकवा. यावर फार शाई खर्च करत नाही. रोबोटिक्स जरूर शिकवा. या पट्ट्यात ते शिकवणाऱ्यांची वाण नाही. त्याला स्कार्फ बांधायची गरज नाही इतकेच.

मुलींच्या पालकांचे म्हणणे मात्र या रांगेत बसवता येणार नाही. दार लागणारा संडास हवा, आडोशाची न्हाणी हवी, गाईड कॅप्टन रात्री त्यांच्याच तंबूंजवळ हवी, ही मागणी चैनीची नव्हे. ती वर सांगितलेल्या अटींतली आहे, आणि मुलांच्या शिबिरालाही तीच अट लावली पाहिजे. एरवी या शहराला याची शिकवण लांबून आणायची गरज नाही. जगभरच्या गर्ल गाईड्सची मोजून पाच जागतिक केंद्रे, त्यातले 'संगम' पुण्यात आळंदी रस्त्यावर आहे. ऑक्टोबर 1966 मध्ये लेडी ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. भोसरीहून तिथे पोचायला मनालीच्या पत्रकावर चर्चा करण्याइतकाही वेळ लागत नाही. तरी पालकसभेत विचारून पाहा, किती हात वर होतात.

आता जागा कशी शोधायची ते. पिंपरी-चिंचवडच्या पथकाने मावळ किंवा खेडच्या पश्चिम भागातली एखादी जिल्हा परिषदेची शाळा गाठावी. मैदान, दोन-चार मोठी झाडे, पक्का व्हरांडा, संडास, जवळ वस्ती. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. चाकणचे तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक शिफ्ट सुटायच्या वेळी कसे तुंबतात, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मुलाला रात्री दवाखान्यात न्यायचे झाले तर किती मिनिटे लागतील, हे अंतर. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे तिथे जाऊन विचारावे. विंचवाचेही विचारावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन वापरून विंचूदंशाने जाणारे जीव वाचवून दाखवले, पण ते औषध वेळेत पोटात गेले तर.

जागा पाहायला फेब्रुवारीत जाऊन भागत नाही. तेव्हा विहिरीला पाणी असते. एप्रिलच्या शेवटी जावे आणि पाणी किती टिकते ते सरपंचांना न विचारता हंडे भरणाऱ्या बायकांना विचारावे. त्या स्पष्ट सांगतात. माणशी रोजचे वीस लिटर धरले तरी बत्तीस मुलांना जवळजवळ साडेसहाशे लिटर लागतात. गावाला टँकर येत असेल तर त्या गावच्या पाण्यात आपण वाटा मागू नये, दुसरे गाव पाहावे. मग मान वर करून झाडे पाहावीत: आग्या मोहोळ आहे का, वाळकी फांदी आहे का. मोहोळाखाली शेकोटी पेटवणे म्हणजे काय, ते गडावर जाणाऱ्यांना विचारा. शाळेला लागून ऊस असेल तर बिबट्याचा विचार करून ती जागा सोडावी. खेड-जुन्नरकडे ही भीती पुस्तकातली नाही. वनखात्याच्या हद्दीत शेकोटी नको, मेमध्ये गवत ठिणगीची वाटच पाहत असते. लोहगडावर मुक्कामाचे वेड तर सोडूनच द्यावे. तो संरक्षित किल्ला आहे, 2025 पासून जागतिक वारसा यादीत आहे. दिवसा पाहून खाली यावे.

या पाहणीला संघनायकांना घेऊन जावे, ही माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती क्वचितच घडते. अशा एका पाहणीत मी पाहिले, मोठी माणसे मुख्याध्यापकांशी चहा पीत परवानगीचे बोलत होती. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने बूट काढले आणि ती मैदानाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून अनवाणी चालत सुटली. सराटे कुठे आहेत ते तिला हवे होते. तिने उत्तरेकडची बाजू बाद केली, मग खाली आडवी होऊन उतार कुठे आहे ते पाहिले, आणि तंबूंची तोंडे कुणीकडे ठेवायची ते वहीत काढले. ती वही नंतर शिबिरात सगळ्यांनी वापरली. तयार तंबूच्या जागी तिला करण्यासारखे काय होते?

स्वयंपाकाचेही असेच. तीन दगड मांडले की चूल होते असे मुलांना वाटते. पहिल्या संध्याकाळी वाऱ्याच्या तोंडाशी मांडलेली चूल धूर सोडते, भात खाली लागतो, वर कचवट राहतो, आणि आठ जण तो मुकाट्याने खातात. दुसऱ्या दिवशी चर खणून, वाऱ्याला पाठ देऊन चूल मांडली जाते, टोपाला बाहेरून माती लिंपली जाते, म्हणजे घासायला सोपा जातो. हे कुणी व्याख्यानातून शिकवत नाही. मोठ्यांनी जवळ उभे राहावे, पाण्याची बादली भरून ठेवावी आणि तोंड बंद ठेवावे. यातले तोंड बंद ठेवणेच आपल्याला जड जाते.

खर्चाचा मुद्दा मुद्दाम शेवटी घेतला, कारण सभेत तो पहिला येतो आणि चुकीच्या बाजूने येतो. 'फक्त' साडेचार हजार, असे कुणी म्हणाले की मागच्या बाकावरचा एक बाप गप्प होतो. तो ठेकेदाराकडे कामाला असतो. तो विरोध करत नाही. त्याचा मुलगा त्या आठवड्यात गावाला जातो, एवढेच. एका पथकात कायम कामगाराचा मुलगा, मॅनेजरची मुलगी आणि कंत्राटी कामगाराचा मुलगा एकत्र असणे ही या शहराची मिळकत आहे, आणि शिबिराची फी ती एका ठरावात उधळून लावते. शाळेच्या मैदानावरच्या शिबिराला लागतो तो शिधा, चाकणच्या बाजारातला कांदा-बटाटा, सरपण आणि बसभाडे. तंबू एकदा घेतले की दहा वर्षे पुरतात. कमी पडले ते शेजारच्या पथकाकडून आणावेत.

तारीखही याच हिशेबाने धरावी. पालकांना भेटायला बोलवायचे असेल तर रविवार धरू नका. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते. गुरुवार शिबिरात आला की शेकोटीला बाप येतात, एरवी फक्त आया येतात.

राहिला वळवाचा प्रश्न, आणि तो खराच आहे. मेच्या मध्यावर दुपारी ढग दाटतात, वावटळ सुटते आणि पाच मिनिटांत तंबू आडवे होतात. अशा वेळी झाडाखाली कुणी थांबायचे नाही, सगळ्यांनी शाळेत शिरायचे. त्यासाठीच व्हरांड्याला लागून दोन वर्ग हवेत, आणि त्यांची किल्ली पहिल्याच दिवशी आपल्या ताब्यात घ्यावी, कारण मे महिन्यात गुरुजी गावात नसतात.