शिकारीची बंदूक असो की पर्यटकाचा कॅमेरा, प्रवास थांबला की जंगलाचं बिल कोण भरतं?

विदर्भात एप्रिल-मे म्हणजे व्याघ्र पर्यटनाचा खरा हंगाम. पानगळ झालेली असते, ऊन चाळिशी पार गेलेलं असतं आणि तहानलेला वाघ पाणवठ्यावर येतोच येतो. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते ती याच दिवसांत.

२०२० च्या एप्रिलमध्ये वाघ पाणवठ्यावर आले, पण बघायला कुणी नव्हतं. मार्चच्या मध्यात पर्यटन बंद झालं, २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. त्यातच ५ एप्रिलला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणीसंग्रहालयातल्या वाघिणीला कोरोनाची लागण झाल्याची बातमी आली आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना सतर्क केलं. वर्षाची कमाई ज्या तीन महिन्यांत होते, तेच महिने गेले.

त्याच काळात दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातही हीच अडचण होती. फरक इतकाच, की तिथे न आलेल्या पाहुण्यांच्या हातात कॅमेरा नाही, बंदूक असते. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच होता. पर्यटकाच्या पैशावर जंगल जपायचं असेल, तर पर्यटक थांबल्यावर काय करायचं?

नागपूर आणि शिकारीचा धंदा

परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन शिकारीला नेण्याचा धंदा आपल्याकडेही होता, आणि त्याचा एक धागा नागपूरशी जोडलेला आहे. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. १९५७ मध्ये खासदार होण्याआधी त्यांनी 'ॲल्विन कूपर' नावाची कंपनी काढली होती. मध्य भारतातल्या जंगलांत शिकार मोहिमा आणि फोटो सफारी घडवणं हे तिचं काम. तेव्हा वनखातं जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडून परवाने द्यायचं.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात जेमतेम १८२७ वाघ असल्याचं दिसलं. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं. शिकारी पाहुणे गेले आणि हळूहळू त्यांची जागा कॅमेरेवाल्यांनी घेतली. आज महाराष्ट्रातल्या सहापैकी पाच व्याघ्र प्रकल्प विदर्भात आहेत. नागपूरला 'टायगर कॅपिटल' म्हणतात ते त्यामुळेच.

आफ्रिकेतलं गणित कसं चालतं?

दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या एका कायद्याने कुंपण घातलेल्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांची मालकी जमीनमालकाला मिळण्याचा रस्ता खुला झाला. अनेक शेतकऱ्यांनी गाई-मेंढ्या सोडून हरणं, रानम्हशी, झेब्रे पाळायला घेतले. काही ठरावीक प्राणी शिकारीला द्यायचे आणि त्या पैशातून बाकीचे प्राणी, पाणवठे, कुंपण आणि राखणदार सांभाळायचे, असं हे गणित. तिथला पांढरा गेंडा एकेकाळी शंभराच्याही खाली गेला होता. तो पुन्हा हजारोंवर गेला, त्यात सरकारी उद्यानांइतकाच खासगी जमिनींचाही हात आहे.

नामिबियात हा हक्क गावांना मिळाला. १९९६ च्या कायद्याने गावकरी एकत्र येऊन 'कॉन्झर्व्हन्सी' स्थापन करू लागले. पर्यटन आणि शिकारीतून येणाऱ्या पैशातून ते स्वतःचे वनराखे नेमतात, गावातली कामं करतात.

ही पद्धत वादग्रस्त आहे. २०१५ मध्ये झिम्बाब्वेत 'सेसिल' या सिंहाची शिकार झाली तेव्हा जगभर संताप उसळला होता. पण नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी या मॉडेलची एक कमजोरी उरतेच. गिऱ्हाईक मोजकं, श्रीमंत आणि बहुतांशी अमेरिका-युरोपातून येणारं. विमानं थांबली की उत्पन्न एका दिवसात शून्य.

२०२० मध्ये नेमकं हेच झालं. दक्षिण आफ्रिकेने २७ मार्चला लॉकडाऊन लावला आणि परदेशी पर्यटकांसाठी सीमा टप्प्याटप्प्याने उघडल्या त्या १ ऑक्टोबरनंतर. तिथला शिकारीचा मुख्य हंगाम त्यांच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या मे ते ऑगस्टमध्ये असतो. तो कोरडा गेला. प्राणी मात्र चरतच होते, कुंपणं तुटतच होती, राखणदारांचे पगार द्यायचेच होते. अशा वेळी रँचमालकापुढे मोजकेच पर्याय उरतात: बुकिंग पुढच्या वर्षावर ढकलणं, प्राणी विकणं, मांस विकणं किंवा कर्ज काढणं. नामिबियात तर वनराख्यांचे पगारच धोक्यात आले. तिथे सरकार, संस्था आणि देणगीदारांना मिळून खास मदतनिधी उभा करावा लागला.

आपल्याकडे पैसा कसा फिरतो?

आपल्याकडची रचना वेगळी आहे. वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल यांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात. व्याघ्र प्रकल्पाला केंद्र आणि राज्य दोघांकडून निधी येतो. त्यामुळे पर्यटन बंद पडलं म्हणून गस्त थांबत नाही.

पण पर्यटनाचा पैसा नगण्य आहे, असंही नाही. २००६ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात कलम ३८-एक्स आलं. त्यानुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचं एक प्रतिष्ठान असतं आणि गेटवर जमा होणारं शुल्क राज्याच्या तिजोरीत न जाता या प्रतिष्ठानाकडे राहू शकतं. स्थानिक लोकांच्या सहभागाने पर्यटन चालवणं आणि परिसराचा विकास करणं, हा त्याचा एक उद्देश.

याशिवाय काही पैसा थेट गावात पोचतो. जिप्सीचालक, गाईड, होमस्टे चालवणारं कुटुंब, रिसॉर्टमध्ये काम करणारी पोरं, गेटजवळचा चहावाला. या माणसांना सरकारी पगार नाही. सफारी झाली तर त्या दिवसाचे पैसे, नाही झाली तर काही नाही. कर्जावर जिप्सी घेतलेल्याला तर हप्ताही चुकत नाही.

म्हणजे आफ्रिकेत प्रवासबंदीचा पहिला फटका प्राण्याच्या राखणदाराला बसला, आपल्याकडे तो प्राण्याच्या शेजाऱ्याला बसला.

शेजाऱ्याला फटका बसला तर वाघाचं काय?

ताडोबाचं गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे, तर भोवतालचं बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत आणि वाघही आहेत. वाघाने बैल मारला, रोही किंवा रानडुकराने पीक खाल्लं, तरी गाव गप्प बसतं. त्यामागे श्रद्धा आहे, कायद्याचा धाक आहे आणि एक व्यवहारही आहे: वाघ आहे म्हणून गावातल्या पोराला काम आहे. हा व्यवहार तुटला की उरतं ते फक्त नुकसान.

शिवाय रोजगार गेला की माणूस जंगलाकडे वळतो. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, सरपण आणायला. हे दिवस नेमके मार्च ते मे, आणि पहाटेच्या अंधारात खाली वाकून मोहफुलं वेचणारा माणूस वाघासमोर सगळ्यात असुरक्षित असतो.

संघर्ष कोरोनाने सुरू केला नाही, पण कोरोनाच्या काळात तो थांबलाही नाही. माणसांवर हल्ले करणारा केटी-१ हा वाघ जून २०२० मध्ये ताडोबाच्या कोलारा भागात पकडला गेला. त्याला नागपूरच्या गोरेवाड्यात आणलं आणि काही दिवसांतच तो मेला. ऑक्टोबरमध्ये राजुरा भागातला आरटी-१ जेरबंद झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पर्यटन चालू असो की बंद, जंगल राखण्याची ही किंमत कुणीतरी मोजतच असतं.

मग विदर्भ सावरला कसा?

इथे दोन गोष्टी कामी आल्या.

पहिली, बफर. ताडोबाचा गाभा दर पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंदच असतो. पण १ जुलै २०२० पासून बफरमधल्या सफारी कमी पर्यटक घेऊन सुरू झाल्या. १ ऑक्टोबरला गाभाही उघडला.

दुसरी, जवळचा पर्यटक. भारताने पर्यटक व्हिसा मार्च २०२० मध्ये थांबवले ते ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ पर्यंत, आणि नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. ताडोबा परदेशी पाहुण्यांवरच अवलंबून असतं, तर दोन वर्षं गेली असती. पण नागपूरहून सकाळी गाडी काढली की पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर किंवा ताडोबा गाठता येतं. घरात कोंडलेला मध्यमवर्ग आधी तिकडेच पळाला. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत आणि जानेवारी २०२२ मध्ये काही दिवस पुन्हा कुलूप लागलं, पण दर वेळी आधी परतला तो गाडीने येणारा पर्यटक.

आणि वाघ? २०१८ च्या गणनेत महाराष्ट्रात ३१२ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४. मधल्या चार वर्षांत पर्यटन तीनदा बंद पडलं. म्हणजे वाघ पर्यटकांमुळेच जगतो, हा दावा निदान आपल्याकडे खरा ठरत नाही.

म्हणजे पर्यटन नसलं तरी चालेल?

असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. ४४४ वाघ म्हणजे गावांशी होणारा संपर्कही वाढलेला. वाघ वाचवण्याचं काम सरकारी पैशावर तगलं, पण वाघाला सहन करण्याचं काम गावाच्या खिशातून झालं.

हा धोका साथीपुरताही नाही. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली, तीही नव्या नियमांसह. २०१६ मध्ये उमरेड-कऱ्हांडलाचा 'जय' हा प्रसिद्ध वाघ बेपत्ता झाला, तेव्हा एका वाघावर उभं राहिलेलं पर्यटन किती तकलादू असतं, तेही दिसलं.

दर काही वर्षांनी सोशल मीडियावर वाद पेटतो: आफ्रिकेसारखी शिकार खुली केली, तर संवर्धनाला पैसा मिळेल का? नैतिक आणि कायदेशीर मुद्दे आहेतच. पण २०२० ने दिलेलं उत्तर साधं आहे. दूरच्या श्रीमंत पाहुण्यावर उभं असलेलं उत्पन्न सगळ्यात आधी बुडतं आणि सगळ्यात उशिरा परततं.

म्हणून कॅमेऱ्याच्या पर्यटनालाही तोच नियम लावावा लागेल. चांगल्या वर्षातल्या गेट शुल्काचा ठरावीक वाटा वाईट वर्षासाठी बाजूला ठेवणं, गाईड आणि चालकांना बंदच्या काळात हक्काचं काम देणं, जसं की वणवा रोखण्यासाठी जाळरेषा किंवा पाणवठ्यांची देखभाल, आणि पीक-गुरांची भरपाई वेळेवर देणं. यातलं काहीच नवं नाही, काही ठिकाणी थोडंफार होतंही. गरज आहे ती हे साथ येण्याआधी नियमात बसवण्याची.

पुढच्या वेळी गेटला कुलूप लागेल तेव्हाही वाघ पाणवठ्यावर येईलच. गेटबाहेर उभ्या जिप्सीचा हप्ता कोण भरणार, ते मात्र आत्ताच ठरवावं लागेल.