पायाचा डॉक्टर की हाडांचा?



परवा हरभऱ्यावरील घाटे अळीची पाहणी करून निघालो, तर ओळखीच्या एका शेतकऱ्याने बांधावरच अडवले. "साहेब, आज पिकाचं नाही, पोरीचं विचारायचंय."

मुलगी बारावी शास्त्र शाखेत. पायांचीच डॉक्टर होणार, हा तिचा हट्ट. तिच्या आजोबांना मधुमेह. पाय बधिर झालेले, त्यामुळे बाभळीचा काटा रुतला तो कळलाच नाही. जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अमेरिकेतल्या मामांनी कळवले, "तिला इकडे पाठवा. पोडियाट्री करू दे, हाडांच्या डॉक्टरपेक्षा लवकर होईल." त्यासाठी दोन एकर विकायची बापाची तयारी होती!

मी शेतीचा पदवीधर. परंतु वाण निवडण्याआधी जमीन पाहावी, हे येथेही लागू. म्हणून जाणकार डॉक्टरांना विचारून घेतले, ते असे.

अमेरिकेत पोडियाट्री ही स्वतंत्र वाट आहे. आधी बहुधा 4 वर्षांचे कॉलेज, मग 4 वर्षांचा डीपीएम अभ्यासक्रम, त्यानंतर 3 वर्षे रुग्णालयात प्रशिक्षण. हा डॉक्टर पाऊल व घोटा पाहतो, त्यांच्या शस्त्रक्रियाही करतो. ऑर्थोपेडिक डॉक्टर मणका, खुबा, गुडघा, हात, पाय सारेच पाहतो. त्याला कॉलेज व मेडिकल मिळून 8 वर्षे आणि पुढे 5 वर्षे प्रशिक्षण. म्हणजे 11 विरुद्ध 13. मामांचे गणित चुकीचे नाही, पण फरक दोनच वर्षांचा.

आपल्याकडे वाट निराळी. 'नीट' परीक्षा, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, मग 3 वर्षांचे एमएस ऑर्थोपेडिक्स. मधुमेहाने बिघडलेले पाय येथे जनरल सर्जनही पाहतात. आणि महत्त्वाचे म्हणजे, नुसत्या डीपीएम पदवीवर भारतात एमबीबीएससारखी डॉक्टर म्हणून नोंदणी होत नाही.

तेव्हा खरा प्रश्न आहे, काम कुठे करायचे? अमेरिकेतच राहायचे आणि पायांचेच काम आवडते, तर पोडियाट्री उत्तम. तिला कमी लेखू नये. गावाकडे परतायचे, तर एमबीबीएसला पर्याय नाही. शिवाय हाडे की सर्जरी, हे एमबीबीएसनंतर ठरवता येते.

मुलगी म्हणाली, "काका, मला आजोबांसारख्या माणसांसाठीच शिकायचंय. मग इथलीच वाट."

'नीट' अवघड आहे, हेही तिला सांगितले. जागा मिळाली नाही, तर फिजिओथेरपी आहे, कृत्रिम अवयव बनवण्याचा पदवी अभ्यासक्रम आहे. जगभर गेलेला जयपूर फूट हा डॉ. प्रमोद करण सेठी या हाडांच्या डॉक्टरांनी आणि रामचंद्र शर्मा या कारागिराने मिळून घडवला. माणसाला पायावर उभे करायला दोघेही लागले.

दोन एकर तूर्त शाबूत आहेत. नीटचा निकाल लागेपर्यंत विक्रीचे नाव काढायचे नाही, असे बापाकडून वदवून घेतले.

जाता जाता एक. घरात मधुमेहाचे वडीलधारे असतील, तर रोज रात्री त्यांचे तळपाय उजेडात पाहा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. शेतात अनवाणी जाऊ देऊ नका. फोड, भेग, जखम दिसली की हळद-चुना न लावता दवाखाना गाठा. हे करायला कुठलीच पदवी लागत नाही.