नवे घर पाहताना दवाखानाही पाहा

परीक्षा संपल्या, की घर बदलण्याचा हंगाम सुरू होतो. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाल्यापासून उलवे-पनवेल पट्ट्यातल्या घरांच्या जाहिराती वाढल्या आहेत. कल्याण-शीळ रस्त्यावरही मोठमोठ्या टाउनशिप उभ्या राहत आहेत. मोकळी हवा, बाग, क्लब हाउस, मुलांना खेळायला मैदान. दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढलेल्या कुटुंबाला हे हवेसे वाटणारच. त्यात चूक काही नाही. पण या स्थलांतराचा हिशेब मला ओपीडीत वेगळ्या बाजूने दिसतो.

लालबागच्या चाळीतून कल्याणपलीकडे राहायला गेलेल्या ६८ वर्षांच्या एक बाई अलीकडे तपासणीला आल्या. मधुमेह जुना, पण आटोक्यात होता. आठ महिन्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर सातवरून साडेनऊवर गेली होती. कारण विचारले, तर म्हणाल्या, ‘‘घर छान आहे हो डॉक्टर, पण दिवस जात नाही.’’ पूर्वी त्या रोज भाजीला चालत जात. आता भाजी अ‍ॅपवरून दारात येते. गोळ्या संपल्या, की इथे यायला अख्खा दिवस जातो आणि मुलाला रजा मिळत नाही. म्हणून एक गोळी दोन दिवस पुरवायची. चाळीत शेजारीण विचारायची, ‘‘गोळी घेतली का?’’ बाविसाव्या मजल्यावर ते विचारणारे कोणी नव्हते.

हा अनुभव नवा नाही. १९३८ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील डॉ. स्टीफन टेलर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की शहराबाहेरच्या नव्या वसाहतींतल्या गृहिणी धडधड, पाठदुखी, निद्रानाश घेऊन येतात आणि तपासणीत काहीच सापडत नाही. एकटेपणा हे त्यांनी सांगितलेले एक कारण होते. पण पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९६४ मध्ये त्यांनीच एका सहकाऱ्यासोबत जुनी वस्ती, नवी वसाहत आणि नियोजित नवे शहर यांची तुलना केली. अशा तक्रारींचे प्रमाण तिन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. म्हणजे दोष नव्या घराचा नव्हता. माणूस त्रासात कुठेही असतो. त्याला आधार किती जवळ आहे, हे पाहायला हवे.

आपल्याकडे एकात्मिक नगर वसाहतीसाठी किमान ४० हेक्टर जमीन लागते आणि शाळा, दवाखाना यांसाठी जागा ठेवावी लागते. मात्र नकाशावर राखीव असलेला भूखंड म्हणजे चालू रुग्णालय नव्हे. लोक आधी राहायला येतात, रुग्णालय मागून येते. मधली वर्षे धोक्याची. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास मोलाचा असतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो. जवळच्या नर्सिंग होममध्ये ती सोय नसेल, तर हा वेळ रस्त्यात जातो.

दुसरा प्रश्न डासांचा. शेजारी बांधकाम चालू असते, अर्धे फ्लॅट रिकामे असतात. लिफ्टच्या खड्ड्यात, न वापरलेल्या फ्लश टाकीत, स्लॅबवर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा ते पाणी काढणे, हे सोसायटीच्या पहिल्या बैठकीतच ठरले पाहिजे.

तेव्हा सॅम्पल फ्लॅट पाहायला जाल, तेव्हा आणखी तीन गोष्टी करा. चोवीस तास डॉक्टर आणि सीटी स्कॅन असलेले रुग्णालय शोधून तिथवर संध्याकाळच्या गर्दीत एकदा गाडीने जा. लागलेली मिनिटे लिहून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका कुठून येते, ते स्थानिकांना विचारा. आणि आई-वडिलांना सोबत न्या. दिवसभर त्या घरात तेच राहणार आहेत; देऊळ, बाजार, बसायचा बाक त्यांच्या पायांच्या टप्प्यात आहे का, हे त्यांनाच ठरवू द्या.

सामान बांधण्यापूर्वी जुन्या डॉक्टरांकडून आजाराचा सारांश लिहून घ्या. किमान महिन्याची औषधे जवळ ठेवा आणि तेवढ्या दिवसांत नवा दवाखाना गाठा. त्या बाईंना आम्ही घराजवळच्या सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. त्याच गोळ्या त्यांना आता तिथे मिळतात. मुलाला एकच सांगितले : भाजी अ‍ॅपवरून मागवू नका, आईला आणू द्या.