क्रमांक पेढीचा की व्यक्तीचा?

पेढीची मालमत्ता मोजताना आपण जागा, गोदामातील माल, येणे बाकी आणि रोकड यांची काटेकोर नोंद करतो. पेढीचा दूरध्वनी क्रमांक मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. वास्तविक गिऱ्हाईक, आडते आणि वाहतूकदार वर्षानुवर्षे ज्या क्रमांकावर भाव विचारतात आणि माल सांगतात, तो क्रमांक पेढीच्या नावलौकिकाचाच एक भाग असतो.

आज धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा, कोठेही पाहिले तर हा क्रमांक बहुधा कोणाच्या तरी खिशात असतो. निम्मी गिऱ्हाइके थोरल्या बंधूंच्या मोबाइलवर, काही धाकट्यांच्या, तर उरलेली मुनीमजींच्या. मुनीमजींनी नोकरी सोडली की त्यांच्या फोनबरोबर गिऱ्हाइकेही निघून जातात. बंधू विभक्त झाले की दुकान आणि गोदाम यांची वाटणी होते. क्रमांक ज्याच्या नावावर असेल त्याचाच राहतो. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी लागू झाल्यामुळे तो कंपनी बदलूनही तोच क्रमांक ठेवू शकतो. या प्रश्नावरचा जुना आणि आजही उपयोगी पडणारा उपाय म्हणजे कार्यालयीन डिजिटल टेलिफोन यंत्रणा, म्हणजेच ईपीएबीएक्स.

स्वयंचलित टेलिफोनच्या जन्माची कथा मोठी बोलकी आहे आणि तीही व्यापाऱ्याचीच आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करणारे आल्मन स्ट्राउजर यांना असा संशय होता, की एक्स्चेंजमधील ऑपरेटर बाई त्यांचे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवतात. कारण त्या प्रतिस्पर्ध्याच्याच नात्यातील होत्या, असे सांगितले जाते. मधला माणूसच नको, म्हणून त्यांनी स्वयंचलित एक्स्चेंजची रचना केली आणि 1891 साली तिचे पेटंट मिळवले. फोन कोणाच्या हाती जातो यावर धंदा कोणाच्या हाती जातो हे ठरते, ही जाणीव या यंत्राच्या मुळाशीच आहे.

आपल्या देशात हे तंत्र लहान गावांपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेला आणि तिला दिशा देणाऱ्या सॅम पित्रोदा यांना जाते. संस्थेने 128 पोर्टची डिजिटल यंत्रणा तयार केली. कार्यालयांसाठी तिचे एक रूप निघाले, तर दुसरे ग्रामीण एक्स्चेंजचे. असे ग्रामीण एक्स्चेंज 1986 साली आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. धूळ आणि उन्हाळा सोसून, वातानुकूलनाशिवाय चालणे हे त्याचे वैशिष्ट्य होते.

‘डिजिटल’ म्हणजे काय? बोलण्याचा आवाज दर सेकंदाला 8000 वेळा मोजून त्याचे आकड्यांत रूपांतर केले जाते. कोणता फोन कोठे जोडायचा, याचे नियम यंत्राच्या स्मृतीत लिहिलेले असतात. नियम लिहिता येतात, म्हणून ते पेढीच्या शिस्तीप्रमाणे घडवताही येतात.

एक भुसार पेढी डोळ्यांसमोर आणा. बाहेर एकच क्रमांक आहे. आत गादी, हिशेबाची खोली, गोदाम आणि माडीवरचे घर अशी चार एक्स्टेन्शने आहेत. फोन आधी गादीवर वाजतो. तेथे कोणी उचलला नाही तर ठरावीक घंटांनंतर हिशेबाच्या खोलीत वाजतो. सोयाबीनची पोती उतरली का, असे गिऱ्हाइकाने विचारले तर फोन होल्डवर ठेवून गोदामात विचारता येते किंवा तिकडेच जोडून देता येतो. शेजारच्या टेबलावरचा फोन कॉल पिकअपने आपल्या जागेवरूनच उचलता येतो. दुकान बंद झाल्यावर रात्रसेवेने फोन घरी जातो. यंत्रणेला सिमकार्डाची जोड दिली तर मालक बाहेरगावी असतानाही पेढीचा फोन त्यांच्या मोबाइलवर पोहोचतो. गिऱ्हाइकाला मात्र क्रमांक पेढीचाच ठाऊक असतो.

बँकेत तिजोरीच्या किल्ल्या एकाच माणसाकडे ठेवत नाहीत. तोच विवेक येथे हवा. कोणत्या एक्स्टेन्शनवरून केवळ स्थानिक फोन करता यावेत आणि कोठून परगावी, हे ठरवता येते. कोणी, कोणाला, किती वेळ फोन केला याची नोंदही यंत्रणा ठेवते. महिनाअखेर ही नोंद बिलाशी ताडून पाहणे म्हणजे खतावणी तपासण्यासारखेच आहे. ध्वनिमुद्रणाची सोय असल्यास नोकरांना आणि समोरच्या माणसाला त्याची पूर्वकल्पना द्यावी. चोरून ऐकणे हे देखरेखीचे साधन होऊ शकत नाही. त्याने विश्वास मात्र जातो.

काही धोकेही ध्यानात असावेत. बाहेरून फोन करून, संकेतांक देऊन पेढीच्याच लाइनवरून पुढे फोन लावण्याची सोय काही यंत्रणांत असते. कारखान्यातून आलेला मूळ संकेतांक बदलला नाही तर भामटे रात्रीतून परदेशी फोन करतात आणि बिल पेढीच्या माथी येते. गरज नसेल तर ही सोय बंदच ठेवावी. आपल्याकडे वळिवाच्या पावसात विजा फार कडाडतात. चांगले अर्थिंग आणि लाइनवरील सर्ज संरक्षण यांत काटकसर करू नये. तांब्याच्या तारेवरील साध्या फोनला वीज एक्स्चेंजकडूनच मिळत असे. फायबर जोडणीत मोडेमला आपल्याकडचीच वीज लागते, म्हणून यंत्रणा आणि मोडेम दोन्ही बॅटरीवर हवेत. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. जुन्या यंत्रणेत हा बदल झाला आहे ना, तेही पाहून घ्यावे.

एवढे करूनही मुख्य काम कागदावरचेच राहते. टेलिफोनची जोडणी आणि धंद्यासाठी वापरावयाची सिमकार्डे पेढीच्या नावावर घ्यावीत. पावतीपुस्तकावर, पाटीवर आणि पोत्यावर तोच क्रमांक छापावा. भागीदारीच्या करारात, पेढी विभागली गेल्यास हा क्रमांक कोणाकडे राहील आणि दुसऱ्याचे फोन त्याने किती महिने प्रामाणिकपणे कळवावेत, याचे एक कलम असावे. घरात सारे गुण्यागोविंदाने नांदत असतानाच हे कलम लिहून घ्यावे. मने दुरावल्यावर त्यावर सह्या होत नाहीत.