दोन दरबारांचा वकील

निवडणूक जवळ आली की गोव्यात हल्ली पाहुण्यांची एक नवी जात अवतरू लागली आहे. हे पाहुणे स्वतः मते मागत नाहीत, व्यासपीठावर बसत नाहीत. परंतु उमेदवार कोण असावा, घोषणा कोणती द्यावी आणि कोणत्या वाड्यावर कोणते आश्वासन खपेल, याचा निर्णय तेच करतात. त्यांना राजकीय सल्लागार म्हणतात. २०२१ साली बंगालमधील विजयानंतर तृणमूल काँग्रेस गोव्यात उतरली, ती प्रशांत किशोर यांच्या नावाशी निगडित असलेल्या 'आय-पॅक' या संस्थेच्या आखणीनुसार. महिनोन्महिने फलक झळकले. आणि मार्च २०२२ च्या मतमोजणीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. त्या विधानसभेची मुदत २०२७ साली संपते. तेव्हा असे पाहुणे पुन्हा येतील, यात शंका नाही. त्यांचे स्वागत करण्यापूर्वी गोमंतकीयांनी आपल्याच इतिहासातील एका सल्लागाराचे स्मरण करणे उपयुक्त ठरेल.

नारायण विठ्ठल शेणवी धुमे हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या पेशवे दरबारी पोर्तुगीजांचे वकील होते. गोव्याच्या जुन्या काबिजादीत ज्या सरकारने एकही देऊळ उभे राहू दिले नव्हते, त्याच सरकारला आपला शब्द पुण्यात पोहोचवण्यासाठी हिंदू वकिलाचा आधार घ्यावा लागत होता. कारण उघड आहे. दरबारी मराठी जाणणारा, माणसे ओळखणारा आणि दोन्हीकडच्या रीतिरिवाजांत वावरलेला मनुष्य लिस्बनहून मागवता येत नव्हता. अशा वकिलांची कामगिरी डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी दफ्तरांतून शोधून काढली आणि १९५२ साली पोर्तुगीज भाषेतील आपल्या ग्रंथाद्वारे अभ्यासकांपुढे ठेवली.

धुमे यांच्या काळातील सर्वांत मोठे प्रकरण म्हणजे १७७९ चा मराठे-पोर्तुगीज तह. पुणे दरबार तेव्हा इंग्रजांशी झुंजत होता आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना मिळू नये, ही पुण्याची निकड होती. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ साली पकडलेल्या 'सांताना' जहाजाची भरपाई पोर्तुगीजांना हवी होती. या दोन गरजांची सांगड घातली गेली आणि दमणजवळील बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना देण्याचे ठरले. गावे प्रत्यक्ष हाती यायला मात्र १७८३ आणि १७८५ ही साले उजाडली. कागदावरचा शब्द जमिनीवर उतरेपर्यंत दरबारात खेटे घालणे, हेच वकिलीचे खरे काम. हीच गावे पुढे दादरा आणि नगर हवेली म्हणून ओळखली गेली.

या सौद्याचा हिशेब पावणेदोनशे वर्षांनी हेगला झाला. १९५४ साली ही गावे मुक्त झाल्यावर पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धाव घेतली. तेथे तहाचे निरनिराळे पाठ पुढे आले आणि शब्दाशब्दावर वाद झाला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, मराठ्यांनी दिला तो वसुलाचा हक्क, सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. पोर्तुगीजांची सत्ता तेथे रुजली ती पुढे इंग्रजांनी ती मूकपणे मान्य केल्यामुळे. दोन दरबारांमध्ये ठरलेल्या मोघम शब्दांची किंमत त्या गावांतील पिढ्यांनी मोजली. त्या गावांना मात्र कोणी काही विचारले नव्हते.

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून डिचोली १७८१ साली पोर्तुगीजांनी घेतली. कोल्हापूरकरांच्या हल्ल्याने हैराण झालेल्या खेम सावंतांनी मदतीच्या मोबदल्यात १७८८ साली पेडणे सोडले. नव्या काबिजादीतील देवळांना आणि रूढींना हात लावणार नाही, असे अभिवचन मिळाले, ही जमेची बाजू होय. परंतु सत्ता बदलली ती रयतेला न विचारता. या तालुक्यांचे मत त्यांच्या भवितव्याविषयी प्रथम घेतले गेले ते १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात. तेथील बहुमत महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूचे होते. गोव्याचा एकूण कौल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी वेगळा पडला आणि तो त्यांनी मानला. विचारले जाणे आणि न विचारले जाणे यांतील अंतर ते हे.

२०२२ साली याच भागाने सल्लागारांची गणिते कशी चुकवली तेही पाहावे. तृणमूलच्या युतीला गोव्यात ज्या दोन जागा मिळाल्या, त्या दोन्ही मगो पक्षाच्या आणि त्यांतील एक पेडणे तालुक्यातील मांद्रे येथे जीत आरोलकर यांनी मिळवलेली. डिचोलीने तर अपक्ष चंद्रकांत शेट्ये यांना निवडले. परक्या आखणीपेक्षा ओळखीचा माणूस येथे अजूनही जड भरतो.

एक मात्र मान्य केले पाहिजे. धुमे यांच्या धन्याचे नाव दोन्ही दरबारांना ठाऊक होते. आजच्या सल्लागाराचा धनी एका निवडणुकीत एक, तर दुसरीत दुसरा असतो; आणि त्याचे मानधन मतदाराला सहसा कळत नाही. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत पक्षांनी खर्चाचे विवरण आयोगाला द्यावे लागते. त्यात सल्लागारांना दिलेली रक्कम आणि त्यांनी मतदारांची कोणती माहिती गोळा केली, हे स्वतंत्रपणे नमूद करण्याचे बंधन आयोगाने घातले पाहिजे. मोपाचा विमानतळ आणि डिचोलीचा खनिज पट्टा यांमुळे या दोन तालुक्यांच्या जमिनीचा भाव वाढला आहे. अशा वेळी तेथे आश्वासने कोण लिहितो आणि कोणाच्या पैशाने लिहितो, हे जाणण्याचा अधिकार तेथील मतदारांना आहे. तो त्यांनी प्रत्येक पक्षाकडे निवडणुकीपूर्वीच मागावा.